"पोरं बिघडली" म्हणणाऱ्यांना काही प्रश्न

वस्तीतला एखादा तरुण पिऊन पडलेला दिसला की आपल्यातलेच चार शिकलेले लोक लगेच निकाल देतात, "बाबासाहेबांनी एवढं दिलं, पण पोरं नालायक निघाली." ऐकायला हे वाक्य समाजाच्या काळजीचं वाटतं. खरं तर ते जुन्याच व्यवस्थेचं वाक्य आहे. माणसाचं दुःख त्याच्या जन्माच्या खात्यावर टाकायचं आणि त्या दुःखावर ज्याची तिजोरी भरते त्याचं नावही घ्यायचं नाही!

मग आकडे बघा. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेला देशव्यापी पाहणी अहवाल २०१९ साली आला. देशात दारू पिणारे सुमारे १६ कोटी. त्यांतल्या ५.७ कोटी लोकांना मदतीची गरज. हे सगळे एकाच वस्तीतले आहेत काय? त्याच अहवालानुसार दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कुठला तरी उपचार मिळतो. पैसेवाल्याचा मुलगा गुपचूप शहरातल्या व्यसनमुक्ती केंद्रात जातो, बरा होऊन येतो. आपला मुलगा चौकात पडतो, म्हणून तोच दिसतो. फरक शीलाचा कमी आणि खिशाचा जास्त आहे.

आता धंद्याकडे या. आपल्या मूर्तिजापुरात काय आणि सगळ्या वऱ्हाडात काय, सुरुवात बहुधा पानठेल्यावरच्या खर्ऱ्याने होते. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ सालची. शाळा-कॉलेजच्या १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी. अल्पवयीन मुलाला दारू, तंबाखू किंवा अंमली पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी. एवढे कायदे असताना दहावीतल्या पोराच्या हातात पुडी देतो कोण? मुलगा बिघडला म्हणणाऱ्यांनी या प्रश्नाचं उत्तर आधी द्यावं.

आपल्या महापुरुषांनी हा प्रश्न असाच विचारला होता. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० साली शहरात दारूची दुकानं वाढू लागली तेव्हा त्यांनी पिणाऱ्यांना शिव्या घातल्या नाहीत. त्यांनी नगरपालिकेला पत्र लिहून दुकानांना विरोध केला. संत गाडगेबाबांचं बालपण आपल्याच तालुक्यातल्या दापुऱ्यात गेलं. का गेलं? वडील दारूपायी गेले आणि आईला लेकरू घेऊन माहेरी यावं लागलं. हाच मुलगा मोठा झाल्यावर स्वतःच्या मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटण न ठेवता गोड जेवण घालतो. "चालत आलंय" ही सबब त्यांनी आधी स्वतःच्या अंगणात मोडली, मग कीर्तनाला उभे राहिले.

आपल्या अंगणाचं काय? जयंतीची वर्गणी दारू दुकानदाराकडून घ्यायची, मिरवणुकीत पोरांना पाजायचं, निवडणुकीत त्याच पोरांना क्वार्टर देऊन प्रचाराला फिरवायचं आणि दुसऱ्या दिवशी बुद्ध विहारात पंचशील घ्यायला उभं राहायचं. पाचव्या शीलात दारूला 'प्रमादाचं स्थान' म्हटलंय. प्रमाद म्हणजे बेसावधपणा. प्रस्थापितांना आपला तरुण बेसावधच हवा आहे. बेसावध तरुण स्कॉलरशिप का अडली ते विचारत नाही, मतदार यादी तपासत नाही, मोर्चाला येत नाही. बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, ती याच अर्थाने राजकीय आहे. पाजणारा नेता निळा झेंडा घेऊन आला तरी तो चळवळीचा नाही, हे तोंडावर सांगा.

मग करायचं काय? पहिलं, मंडळाने ठराव करावा की दारू, गुटखा, सट्टावाल्याचा एक रुपयाही जयंतीला चालणार नाही. दुसरं, परवान्याचं दुकान वस्तीत असेल तर २००८ च्या शासन आदेशाने नगरपरिषदेच्या वॉर्डातल्या महिलांनाही मतदानाने ते बंद करता येतं. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. आपल्या आया-बहिणी हे करू शकतात, फॉर्म भरून द्यायला आपण बसावं. तिसरं, अडकलेल्या भावाला कोंडून ठेवू नका. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर झटके येतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. त्याला उपजिल्हा रुग्णालयात न्या, गरज पडली तर अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या मानसोपचार विभागात न्या. १४४४६ या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा, पैसे लागत नाहीत. गांजासारख्या नशेत अडकलेला पोलिसांच्या भीतीने लपत असेल तर त्याला सांगा, एनडीपीएस कायद्याचं कलम ६४अ स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण देतं. आणि सोबत वकील न्या.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला गाडगेबाबा गेले. दरवर्षी दोन्ही दिवशी आपण हार घालतो. यंदा त्या दोन तारखांच्या मधल्या चौदा दिवसांत प्रत्येक कार्यकर्त्याने एका मुलाला दवाखान्यापर्यंत सोबत करावी. भाषण त्यानंतर.

जय भीम!