पुस्तक मिटते, सवाल उरतो

आमच्या निफाड तालुक्यातील शेतकरी बी घेताना दहा वेळा विचार करतो. पिशवीवरचे चित्र पाहून तो भुलत नाही. गेल्या साली हे बी कोणाच्या रानात पडले, उगवण किती झाली, कांदा टिकला की चाळीत सडला, हे सारे तो खोदून विचारतो. परंतु तोच शेतकरी छापील पुस्तक हाती आले की मुकाट होतो. छापले आहे ते खरेच असणार, अशी त्याची भाबडी समजूत! कोणी पुस्तकास हळदकुंकू वाहून फळीवर ठेवतो, कोणी रद्दीत घालतो. या दोघांत आम्हांस फारसा फरक दिसत नाही. दोघेही पुस्तकास सवाल करीत नाहीत.

आम्ही खेड्यातले शाळामास्तर. अध्यापक विद्यालयात मराठीतूनच शिकलो आणि मराठी पुस्तकांवरच आमचा पिंड पोसला. वाचनाच्या इतक्या वर्षांत एक गोष्ट आमच्या ध्यानी आली, ती अशी की, ज्या पुस्तकाने आमच्या मनात सवाल ठेवला, तेच आमच्या जवळ राहिले. बाकीची वाचली आणि विसरली. अशा दोनचार पुस्तकांची हकीकत आज वाचकांपुढे मांडतो.

आरंभ घरापासून करू. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी आमच्या या निफाडात झाला. त्यांनी मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, तो १९०० साली निघाला. त्यात त्यांनी मोठ्या मनाने सांगितले आहे की, शिवाजी महाराजांच्या राज्याला जी जमीन तयार लागत होती, ती संतांनी नांगरून ठेवली होती. आणि हे संत एका जातीचे नव्हते. नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावतोबा माळी, तुकोबा कुणबी, चोखोबा महार. ज्याच्या घरी चाक फिरते किंवा सुई चालते, त्याने हे वाचावे व ताठ मानेने चालावे. परंतु येथेच सवाल उभा राहतो. राज्याची जमीन जर शिंप्याकुंभारांनी तयार केली, तर पुढे त्यांच्या पोरांस अक्षरओळख व्हायला इतकी शतके का लागली? नांगरणारे कोण आणि कणगी भरणारे कोण? ग्रंथ आम्हांस मान देतो, पण आमच्या हिश्शाचे काय झाले ते सांगत नाही.

हा सवाल आम्हीच काढला असे नाही. ज्योतीराव फुले यांनी तो रानडे यांनाच तोंडावर केला होता. १८८५ साली पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरायची होती. रानडे यांनी फुल्यांस बोलावणे केले. फुल्यांनी जाण्याचे नाकारले आणि पत्र लिहून कारणही कळवले. त्याचा मथितार्थ असा की, जे लोक माणसाचे हक्क सर्वांस खुशीने देत नाहीत, त्यांच्या सभांशी व पुस्तकांशी आमचा मेळ बसायचा नाही. आमच्या लोकांची दुःखे त्यांत उमटत नाहीत. ते पत्र त्याच वर्षी 'ज्ञानोदया'त छापून आले. पुढे त्याच ग्रंथकार सभेच्या परंपरेतले चौऱ्याण्णवावे साहित्य संमेलन डिसेंबर २०२१ मध्ये आमच्या नाशकास भरले. मांडव मोठा होता, पुस्तकांचे गाळे पुष्कळ होते. फुल्यांचा सवाल मात्र त्या गाळ्यांतही विचारण्याजोगा होता: यांत आमच्या घरचे दुःख कोणत्या पानावर आहे?

दोघांचा दुसरा वाद तर थेट शेताच्या बांधावरचा. पूर्वीपेक्षा शेतकऱ्याची स्थिती आता बरी आहे, अशा अर्थाचे भाषण रानडे यांनी केले. त्यास उत्तर म्हणून फुल्यांनी त्याच १८८५ साली 'इशारा' नावाचे लहानसे पुस्तक काढले. त्याच्या दोन वर्षे आधी त्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा झाला होता. असुडात नुसते गाऱ्हाणे नाही. डोंगरउतारावरून वाहून जाणारी माती बांध घालून अडवावी, तळी बांधावी, जनावरांची चांगली पैदास आणावी, शेतकऱ्याच्या मुलांस शेतकीच्या शाळा काढाव्या, हे सारे त्यात आहे. रानडे विद्वान होते, त्यांचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. पण शेतकऱ्याची स्थिती बरी की वाईट, हे कोणत्या मापाने मोजायचे आणि माप कोणाच्या हाती असायचे, हा सवाल त्या दोन पुस्तकांनी ठेवला, तो अजून सुटलेला नाही. ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यात बंद झाली, ती मे २०२४ मध्ये उठली. उठली तरी ४० टक्के शुल्क राहिले, ते सप्टेंबरात २० टक्के झाले आणि १ एप्रिल २०२५ रोजी गेले. शहरातल्या मापाने ही स्वस्ताई झाली. लासलगावच्या ओट्यावर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरवाल्याच्या मापाने काय झाले, हे तोच जाणे.

आता आपल्याच घरचे झाकलेले उघडू. असुडाचे पहिले दोन भाग 'दीनबंधू'ने छापले आणि पुढचे छापण्याचे थांबवले. दीनबंधू म्हणजे आपल्याच लोकांचे पत्र! फुल्यांस त्याचा राग आला, आणि तो येणारच. सबब, सवाल दुसऱ्याच्याच पुस्तकाला करायचा आणि आपल्या माणसाने केलेला सवाल अवघड वाटला की दाबून ठेवायचा, ही रीत बरी नव्हे. आपल्या पुढाऱ्यांची पुस्तकेही फळीवर ठेवून फुले वाहण्यासाठी लिहिलेली नाहीत.

शेवटचे पुस्तक बायांचे आहे. रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१० साली निघाले. विधवाविवाहाचा कैवार घेणाऱ्या रानडे यांनी १८७३ साली, वडिलांच्या आग्रहाखातर, अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. ते तेव्हा एकतीस वर्षांचे होते. त्यांनीच तिला लिहावयास शिकवले, आणि घरातल्या बायांनी तिचा त्याबद्दल छळ केला. हे वाचून रानडे यांस हसणे सोपे आहे. पण आमच्या वस्तीवर सुनेच्या हाती पुस्तक दिसले, तर सासू काय म्हणते? आणि सभेत समतेवर बोलून आलेला नवरा तेव्हा गप्प बसतो की नाही? हा सवाल रानडे यांच्या वाड्यातला खरा, पण त्याचे उत्तर आपल्या ओसरीवर द्यायचे आहे.

कोणी म्हणेल, "मास्तर, सवालाने पोट भरते काय?" भरत नाही. पण सवाल न करणाऱ्याचे पोट दुसरा कापतो, हे आपल्या आजापणजांनी सावकाराच्या वहीवर अंगठा उठवून पुरते पाहिले आहे. तेव्हा वही वाचता येत नव्हती. आता येते. मग वहीत लिहिलेले विचारून घ्यायला लाज कसली? शाळेतही आम्ही हेच पाहतो. पाठ केलेले उत्तर पोर परीक्षा संपताच विसरते. जो सवाल त्याने स्वतः काढला, तो मात्र ते रानात, कामाच्या ठिकाणीही घोळवीत राहते.

म्हणून वाचकांस आमची विनंती इतकीच. आठवड्यातून एक दिवस, जेवणे झाल्यावर, घरात एक पुस्तक मोठ्याने वाचले जावे. वाचायला मुलीस बसवावे, आणि ऐकायला आजी, आई व सून यांना भांडी टाकून बसू द्यावे. शेवटच्या कोऱ्या पानावर ज्याला जो सवाल सुचेल तो लिहावा. गावात वाचनालय असेल तर ते कधी उघडते आणि त्यात कोणती पुस्तके येतात, हे ग्रामसभेत विचारावे. १९६७ च्या कायद्याने सरकार मान्य ग्रंथालयांस अनुदान देते. तो पैसा आपलाच आहे. आणि ज्या सवालाचे उत्तर कोणत्याच पुस्तकात सापडत नाही, त्याचे पुस्तक आपल्यापैकीच कोणीतरी लिहायचे आहे. कुणब्याने, सुताराने, लोहाराने, किंवा त्यांच्या लेकीने.