कार्डावाचून अडत नाही

दहावी-बारावीचे निकाल लागले की चंद्रपूरच्या ऊर्जानगर वसाहतीत कॉम्प्युटर कोणता घ्यायचा याची चर्चा सुरू होते आणि दरवर्षी एकाच ठिकाणी येऊन थांबते: मोठे कॅबिनेट, त्यात ग्राफिक कार्ड, एका बाजूला काच आणि आत रंगीत दिव्यांचे पंखे. टिफिनच्या डब्याएवढ्या मिनी पीसीचे नाव काढले की दुकानदारापासून शेजारच्या इंजिनिअर मुलापर्यंत सगळ्यांचे उत्तर तयार असते. "काहून पैसे वाया घालवता जी? त्यात कार्डच नाही."

हा पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही, म्हणून आधी तो सरळ मांडतो. प्रोसेसरच्या पोटातले ग्राफिक नावापुरते असते. लहान डब्यात उष्णता कोंडते, त्यामुळे चंद्रपूरच्या मे महिन्यात तो टिकायचा नाही. पुढे त्यात काही वाढवता येत नाही. आणि बिघडला तर सगळाच जातो. माझ्या मते यातला पहिला मुद्दा जुना झाला आहे, दुसरा चक्क उलटा आहे, तिसरा अर्धा खरा आणि चौथा पुरता खरा.

पहिल्यापासून सुरुवात करू. 'ऑनबोर्ड' ग्राफिकची बदनामी झाली ती वीस वर्षांपूर्वी, आणि तेव्हा ती रास्तच होती. मदरबोर्डवरची ती चिप विंडोजचा पडदा रंगवायची, त्यापलीकडे फारसे काही तिला जमत नसे. पण एएमडीने २००६ मध्ये एटीआय ही ग्राफिक कंपनी विकत घेतली ती याचसाठी, की प्रोसेसर आणि ग्राफिक एकाच सिलिकॉनवर बसवता यावेत. २०११ पासून तशा चिपा बाजारात आहेत. 'एका चिपवर गेम चालत नाहीत' असे छातीठोक सांगणाऱ्याला मी एकच विचारतो: प्लेस्टेशन ५ मध्ये ग्राफिक कार्ड कुठे लावलेले असते? कुठेच नाही. २०२० साली आलेल्या त्या यंत्रात प्रोसेसर आणि ग्राफिक एकाच चिपवर आहेत, आणि चिप एएमडीचीच आहे. त्याआधीचे प्लेस्टेशन ४ देखील असेच होते. म्हणजे घरोघरची मुले ज्या यंत्रावर जगातले सगळ्यात देखणे गेम खेळतात, त्यालाही कार्ड नाहीच.

मग मिनी पीसी प्लेस्टेशनएवढा का पळत नाही? कारण ग्राफिकची खरी भूक मेमरीच्या वेगाची असते. प्लेस्टेशन ५ ची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी माहिती पुरवते. आरटीएक्स ४०६० कार्डाची स्वतःची मेमरी २७२ जीबी पुरवते. मिनी पीसीतले ग्राफिक मात्र साध्या रॅमवर जगते. डीडीआर५ ची ५६०० वेगाची एक पट्टी असेल तर सेकंदाला ४४.८ जीबी, दोन असतील तर ८९.६ जीबी. दुकानात सर्वांत जास्त फसगत होते ती इथेच. गिऱ्हाईक विचारते, "रॅम किती?" दुकानदार म्हणतो, "सोळा." दोघेही समाधानी. त्या सोळाच्या जागी एकच पट्टी असेल तर ग्राफिकला मिळणारा रस्ता निम्म्याने अरुंद होतो आणि गेममध्ये वेगाचा तिसरा हिस्सा, कधी त्याहून अधिक, जातो. मग तो मुलगा चारचौघांत सांगत सुटतो की मिनी पीसी भंगार आहे. यात चिपेचा काय दोष?

दोन पट्ट्या घालून २०२३ पासूनची चिप, उदाहरणार्थ ज्यात रेडिऑन ७८०एम आहे अशी रायझन, घेतली तर जीटीए फाइव्ह आणि व्हॅलोरंट १०८०पी वर सुखाने चालतात. ऑटोकॅडचे नकाशे, क्यूजीआयएसमधले जंगलाचे थर, घरच्या लग्नाचा व्हिडिओ कापणे, हेही चालते. सायबरपंकसारखा जड गेम मात्र सेटिंग खाली आणून सोसून घ्यावा लागतो. ज्याला तो सगळ्या झगमगाटासह खेळायचा आहे त्याने कार्ड घ्यावे, वाद नाही. पण वसाहतीतल्या किती घरांत ही खरी गरज असते आणि किती घरांत शेजाऱ्याकडे आहे म्हणून असते, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

आता उष्णता आणि धूळ. हा मुद्दा इतर गावी वरवर मांडला तरी चालेल, ऊर्जानगरात चालणार नाही. २९२० मेगावॅटचे महाऔष्णिक वीज केंद्र उशाशी, दुर्गापूर आणि पद्मापूरच्या खुल्या खाणी हाकेच्या अंतरावर, आणि उन्हाळ्यात पारा ४७ अंशांच्या घरात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या यादीत चंद्रपूर देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत होते. इथल्या घरात वर्षभर वापरलेले मोठे कॅबिनेट उघडून पाहा. पुण्या-मुंबईच्या कॅबिनेटमध्ये कापसासारखी जळमटे निघतात, इथे करडी, पिठासारखी बारीक पूड निघते. ती कार्डाच्या पंख्याखाली, हीटसिंकच्या पात्यांत, एसएमपीएसच्या जाळीत बसते. त्यात उन्हाळाभर खोलीत कूलर सुरू. त्याच्या ओल्या हवेने ही पूड पापुद्र्यासारखी धरते आणि फुंकर मारून निघत नाही, ब्रशने खरवडावी लागते. काचेच्या कॅबिनेटला पुढे तीन, मागे एक, वर दोन असे पंखे लावून लोक अभिमानाने सांगतात की हवा भरपूर खेळते. हवा खेळते म्हणजे राखही खेळते. जितकी हवा आत ओढाल तितकी ती आत येणार.

हवा इतकी ओढावी का लागते? कारण आत वॅट जळतात. आरटीएक्स ३०६० हे मध्यम कार्ड एकटेच १७० वॅट मागते. गेम सुरू असताना असा पीसी सगळा मिळून अडीचशे-तीनशे वॅट ओढतो, आणि त्यातला प्रत्येक वॅट शेवटी उष्णता होऊन त्याच खोलीत उतरतो. बाहेर ४६ अंश, कूलर धापा टाकतोय आणि टेबलाखाली आपणच एक शेगडी पेटवून ठेवलेली. मिनी पीसी त्याच वेळी साठ-सत्तर वॅटमध्ये भागवतो, आणि नुसते लिहिणे-वाचणे सुरू असेल तर दहा-पंधरात. कोंडायला आधी उष्णता तरी हवी.

लहान डब्याचा पंखा लहान आणि पाती दाट असतात, त्यामुळे तो लवकर तुंबतो, हे खरे. पण तळाचे चार स्क्रू काढून ब्रश फिरवायला पंधरा मिनिटे लागतात. दर दोन महिन्यांनी तेवढे करायची तयारी नसेल तर ऊर्जानगरात कोणताच कॉम्प्युटर टिकणार नाही. दुसरा उपाय बायोसमध्ये आहे: बऱ्याच मिनी पीसींत चिपेची मर्यादा ५४ वॅटवरून ३५ वर आणता येते. वेग थोडा उतरतो, तापमान आणि पंख्याचा आवाज बराच उतरतो. मे-जूनपुरते एवढे करावे आणि पावसाळा लागला की पुन्हा पूर्ववत.

आता विजेचा हिशेब. वीज बनवणाऱ्यांच्या गावात तो कुणी करत नाही, ही गंमतच आहे. रोज दोन तास गेम आणि सहा तास इतर काम धरा. गेमच्या वेळी दोघांत दोनशे वॅटचा फरक, इतर वेळी पन्नासचा. दिवसाला ०.७ युनिट, वर्षाला अडीचशेच्या वर. युनिटला दहा-बारा रुपये धरले तर अडीच-तीन हजार रुपये. पाच वर्षांत एका बऱ्यापैकी कार्डाची किंमत बिलातूनच जाते. आपल्याकडच्या कोळशावर एका युनिटमागे साधारण पाऊण किलो कोळसा जळतो आणि त्याचा तिसरा हिस्सा राख होते. म्हणजे एका कॉम्प्युटरच्या फरकापोटी वर्षाला दोनशे किलोच्या आसपास कोळसा आणि साठेक किलो राख. वीज ग्रिडमधून येते, ते युनिट आपल्याच संचातले असेल असे नाही, आणि या साठ किलोंनी राखेच्या तळ्याला काही फरक पडत नाही, हे मलाही कळते. पण राखेने गुदमरलेले कार्ड साफ करताना हा हिशेब आठवला तर बिघडले कुठे?

वसाहतीत दिवे फारसे जात नाहीत. दुर्गापूर, तुकूमला जातात, आणि एटापल्ली-भामरागडकडच्या गावांत काय होते ते तिथल्यांना विचारा. सहाशे व्हीएच्या साध्या यूपीएसवर मिनी पीसी आणि मॉनिटर लिहिण्या-वाचण्याच्या कामाला पाऊण तास-तासभर निघतो. कार्डवाला पीसी गेमच्या मध्यात असेल तर फाइल सेव्ह करायलाही घाई करावी लागते.

'पुढे वाढवता येतो' हा तिसरा युक्तिवाद ऐकायला गोड आहे. प्रत्यक्षात काय होते? इंटेलने २०२० मध्ये एलजीए १२०० सॉकेट आणले, २०२१ मध्ये १७००, २०२४ मध्ये १८५१. चार वर्षांनी प्रोसेसर बदलायला निघालेला माणूस बोर्डही बदलतो आणि त्याबरोबर बहुधा रॅमही. जुने राहते ते फक्त पत्र्याचे कॅबिनेट. एएमडीने एएम४ सॉकेट बरीच वर्षे चालवले, ते श्रेय द्यायला हवे. आणि मिनी पीसीही सोडिम, म्हणजे सुट्या पट्ट्यांच्या, रॅमचा असेल तर रॅम आणि एसएसडी बदलता येतात. बदलता येत नाही ती चिप.

म्हणूनच चौथा मुद्दा मी मान्य करतो. बोर्ड गेला तर प्रोसेसर, ग्राफिक सगळे गेले. नागपूरच्या सीताबर्डीच्या बाजारातून दीड हजारात एसएमपीएस आणून बसवावा, तसा इलाज इथे नाही. यावर एकच बंदोबस्त: भारतात वॉरंटी देणारी कंपनी बघूनच घ्यावा. ऑनलाइन दिसणाऱ्या अनोळखी नावाच्या डब्याच्या मोहात पडू नये, मग तो आठ हजारांनी स्वस्त का असेना. मोठे नावही कायमचे नसते. हा प्रकार घरोघर नेणाऱ्या इंटेलनेच २०२३ च्या जुलैमध्ये आपल्या एनयूसी या मिनी पीसींतून अंग काढून घेतले आणि ते काम असूसकडे गेले.

आता माझ्याच पक्षातल्या अतिउत्साही मंडळींशी दोन हात. त्यांचे म्हणणे, घ्यायचाच तर सगळ्यात जबरदस्त घ्या: २०२५ च्या जानेवारीत आलेली रायझन एआय मॅक्स+ ३९५, चाळीस ग्राफिक युनिटे, १२८ जीबीपर्यंत मेमरी. चिप अफलातून आहे. मेमरीचा रस्ता दुप्पट रुंद करून तिने सेकंदाला २५६ जीबी गाठले आहेत. पण त्यासाठी मेमरी बोर्डावर कायमची डकवलेली असते, आणि फ्रेमवर्क कंपनीच्या अशा १२८ जीबीच्या डेस्कटॉपची अमेरिकेतली जाहीर किंमतच १,९९९ डॉलर होती. घरी मोठी भाषा-मॉडेले चालवणाऱ्याला ती परवडेल. बारावीच्या मुलासाठी एवढे पैसे घालणे म्हणजे निव्वळ हौस, आणि त्या पैशांत कार्डवाला पीसी जास्त पळतो. इथे मी पूर्वपक्षाच्या बाजूने आहे. एकत्रित ग्राफिकचा फायदा मधल्या पायरीवर आहे, टोकावर नाही.

मशीन लर्निंग शिकणाऱ्याचेही तेच. त्या अभ्यासक्रमांत एनव्हिडियाचे कुडा हे सॉफ्टवेअर पावलोपावली लागते, त्याने एनव्हिडियाचेच कार्ड घ्यावे. गडचिरोलीच्या वसतिगृहात राहून महिन्याला गावी ये-जा करणाऱ्याला लॅपटॉपशिवाय पर्याय नाही. मॅक मिनी वीज खाण्यात सगळ्यांहून काटकसरी आहे, पण त्यात रॅम नंतर वाढत नाही आणि इथल्या कॉलेजांत लागणारी विंडोजची कितीतरी सॉफ्टवेअर त्यावर तशीच्या तशी चालत नाहीत.

उरला प्रश्न आत्ताच घ्यावा का हा. २०२५ च्या उत्तरार्धापासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतली आणि रॅमचे भाव भडकले. मायक्रॉनने त्याच डिसेंबरात क्रुशल नावाने किरकोळ बाजारात विकायची रॅम बंद करण्याची घोषणा केली. ग्राफिकही रॅममधूनच आपला वाटा उचलत असल्याने मिनी पीसीला ही महागाई जास्त जाचते. तरी ज्याला यंदा लागणार आहे त्याने थांबून काही हाती लागेल असे दिसत नाही. दुकानदार म्हणेल, "भाऊ, सध्या सोळाची एकच पट्टी टाका, भाव उतरले की दुसरी घ्या." ऐकू नका. आठ-आठच्या दोन टाकायला सांगा. पुढे वाढवायला रिकामी जागा राहणार नाही, हे खरे. पण भाव उतरण्याची वाट पाहत मेमरीच्या निम्म्या वेगावर बसण्यापेक्षा ते बरे. आणि पैसे देण्याआधी झाकण उघडायला लावून दोन पट्ट्या डोळ्यांनी मोजा.