गळके यंत्र आणि गॅसचा हुकूमनामा
वातानुकूलन यंत्रातून पाणी ठिबकू लागले की कारागीर पाहणीपूर्वीच ‘गॅस भरावा लागेल’ असा हुकूमनामा काढतो आणि आपण तो शिरोधार्य मानतो, हे मला सर्वथा नामंजूर आहे. वस्तुतः ते पाणी म्हणजे खोलीतल्याच हवेतले बाष्प (१९०२ साली ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी विलिस कॅरियर यांनी केलेली वातानुकूलनाची योजनाही मुळात आर्द्रतेच्याच बंदोबस्ताकरिता होती, सुखनिद्रेचा विचार मागाहूनचा). निचऱ्याच्या नळीत बुळबुळीत शेवाळ साचले वा तिचा उतार बिघडला, म्हणजे ते भिंतीवरून उतरते, आणि जाळी धुळीने बुजली तर आतल्या नळ्यांवर धरलेला बर्फ वितळताना तोच प्रकार घडतो. गॅस कमी झाल्यानेही बर्फ धरतो खरा. पण बंदिस्त नळ्यांतला गॅस छिद्रावाचून जात नाही. तेव्हा वाचकहो, आधी जाळी धुवा, नळी साफ करवा. मग गॅसची गोष्ट.