रावळगावची गोळी आणि आपलं रडगाणं

मागच्या रविवारी सकाळी आमच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर कुणीतरी एक फोटो टाकला. नटराज पेन्सिल, कॅम्लिनची कंपासपेटी, कॅसेटच्या भोकात खुपसलेलं पेन, चांदोबाचा जुना अंक आणि मधोमध रावळगावच्या गोळ्या. खाली ओळ : 'हे सगळं वापरणारी आपली शेवटची पिढी.' दुपारपर्यंत दीडशे मेसेज. रडके चेहरे, बदाम, 'गेले ते दिवस यार'. खोटं कशाला बोलू, एक बदाम माझाही होता.

त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता आमच्या गावातल्या वाचनालयाची वार्षिक सभा होती. नोटीस मीच त्याच ग्रुपवर दोनदा टाकली होती. सभेला आले सात जण. त्यातले पाच कार्यकारिणीचे, सहावा मी, आणि सातवे एक आजोबा, जे तसेही रोज पेपर वाचायला येतात. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब झाली आणि अर्ध्या तासाने तीच सभा त्याच सात जणांत पुन्हा भरली. गंमत बघा, सकाळी ज्या चांदोबावर बदामांचा पाऊस पडला, त्याचे बांधलेले खंड त्याच वाचनालयाच्या कपाटात आहेत. कपाटाला वाळवी लागलीय. नवीन लोखंडी कपाटाला पैसे कुठून आणायचे, हा त्या सभेतला विषय क्रमांक तीन होता.

म्हणून हे लिहितोय. थोडं लागेल. लागू दे.

सुरुवात त्या गोळीपासूनच करू. रावळगाव हे नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातलं गाव. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९३३ मध्ये तिथे साखर कारखाना काढला आणि १९४२ पासून तिथे गोळ्या बनायला लागल्या. पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक. आपल्या पिढीतल्या कुठल्याही पोराच्या खिशात यातलं काहीतरी चिकटलेलं असायचं. आता पुढचं ऐका. फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने हा गोळ्यांचा धंदा रिलायन्सला विकला. २७ कोटींना. विकलं काय? नावं, व्यापारचिन्हं, पाककृती. जमीन, इमारत, यंत्रं मात्र त्या सौद्यात नव्हती, ती जुन्या कंपनीकडेच राहिली. ऊर्जा महागली, मजुरी वाढली, कच्चा माल महागला, पण गोळीची किंमत वाढवता येत नव्हती आणि बाजारातला वाटा घसरत चालला होता, असं कारण कंपनीने दिलं होतं.

बातमी आली तेव्हा आपण काय केलं? 'आपलं बालपण परत येणार' म्हणून टाळ्या वाजवल्या. वाटा का घसरला, हे कुणीच विचारलं नाही. वाटा घसरला कारण पंचवीस वर्षांत आपणच ती गोळी मागितली नाही. पोरांना आपण दुसरं चॉकलेट दिलं आणि स्वतःसाठी फोटो ठेवला. नाव आणि चव तेवढी विकली गेली, गाव मागे राहिलं. आपल्या आठवणींचं सगळं अर्थशास्त्र या एका सौद्यात आहे.

कंपन्यांना हे आपल्याआधी कळलंय. कॅम्पा कोला आठवतो? रिलायन्सने २०२२ मध्ये तो ब्रँड घेतला आणि २०२३ मध्ये पुन्हा बाजारात आणला. चेतक २०१९ मध्ये विजेवर परत आली, लूना २०२४ मध्ये. धंदा म्हणून यात वावगं काही नाही. त्यांना माल खपवायचाय आणि चाळिशीतल्या माणसाच्या गळ्यात आवंढा आला की पाकीट उघडतं, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. पण आपण त्याला 'आपला काळ परत आला' म्हणायचं? १९९३ मध्ये पार्लेवाल्या चौहानांनी थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट कोका-कोलाला विकले. थम्स अप टिकलं, गोल्ड स्पॉट गेलं. त्याच्या नावाने गळे काढणाऱ्यांपैकी कितीजण तेव्हा परदेशी कोक प्यायला मिळणार म्हणून हरखले होते? मी होतो. खोटं का बोला.

आता दुसरी गोष्ट. ज्या काळासाठी आपण उसासे टाकतो, तो काळ आपण फोटोत लावतो तसा होता का?

मी एकदा पाटा-वरवंट्याचा फोटो टाकला होता. 'ती चव मिक्सरला नाही.' आईला दाखवला. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तू कधी वाटलंस रे त्याच्यावर?" मी गप्प. मग म्हणाली, "माझी मनगटं विचार. आणि त्या पंपाच्या स्टोव्हचा पण टाक फोटो. रॉकेलच्या रांगेत मी उभी राहायचे, तू शाळेत असायचास." गॅसचा नंबर लागायला वर्षं लागायची. फोनचा अर्ज केला की पोरगं कॉलेजात गेल्यावर फोन यायचा. चेतकसाठी लोक कित्येक वर्षं थांबायचे. आज आपण त्याला 'तेव्हा वाट बघण्यात मजा होती' म्हणतो. ज्याला दुसरा पर्यायच नव्हता, त्याला विचारा मजा.

आणखी एक सांगतो, हे जरा जास्त टोचेल. आमच्या गावातल्या जुन्या हॉटेलच्या भजी-चहावर मी दोन वर्षांपूर्वी पोस्ट लिहिली होती. कढई, भट्टी, लाकडी बाकडी, रेडिओवरची गाणी, सगळं साग्रसंगीत. आठशे लाइक. रात्री वर्गमित्राचा फोन आला. तो वस्तीतला. म्हणाला, "भाऊ, चांगलं लिहिलंय. फक्त एक राहिलं. माझ्या बापाची कपबशी त्या हॉटेलात आत नसायची. बाहेर कोनाड्यात असायची. चहा पिऊन झाला की स्वतः विसळून परत तिथेच ठेवायची." इतकंच बोलला. भांडला नाही. मी त्या बाकड्यावर शेकडो वेळा बसलो असेन. मला तो कोनाडा आठवला, पण कपबशी आठवेना. डोळ्यांसमोर होती, तरी दिसली नव्हती. तेव्हापासून 'तेव्हा सगळे कसे गुण्यागोविंदाने राहायचो' असं कुणी लिहिलं की मला तो कोनाडा दिसतो.

'रामायण'चंही तसंच. १९८७ मध्ये रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे, हे खरं. एका टीव्हीपुढे चाळीस माणसं बसायची, हेही खरं. पण गल्लीत टीव्ही एकच होता म्हणून बसायची. आणि त्यातली काही पोरं घरात बसायची नाहीत, खिडकीच्या गजांना धरून बाहेर उभी राहायची. मार्च २०२० मध्ये लॉकडाउनमध्ये तेच 'रामायण' पुन्हा लागलं तेव्हा प्रत्येकजण आपापल्या घरात, आपापल्या टीव्हीपुढे बसून म्हणत होता, तेव्हाची मजा काही और होती. बरोबर आहे. मजा मालिकेत नव्हतीच. ती शेजाऱ्याच्या घरात चप्पल काढून शिरण्यात होती. ज्याला आत शिरू दिलं जायचं, त्याच्यासाठी.

इथे मुद्दा येतो.

आपल्याला खरंच जे आठवतं ते गोळी, पेन्सिल, कॅसेट नाही. त्या काळात जे थोडंफार सगळ्यांचं मिळून होतं, ते आठवतं. तहसीलदाराचं पोरगं आणि सालगड्याचं पोरगं एकाच बालभारतीतून एकच धडा शिकायचं. बहुतेकजण एकाच लाल एसटीतून तालुक्याला जायचे. सकाळी सातच्या बातम्या घरोघरी एकाच आवाजात ऐकू यायच्या. अपुरं होतं, कोनाडेही होते, पण निदान भांडायला जागा एक होती.

आणि राग याचा येतो की यातल्या कितीतरी गोष्टी अजून जिवंत आहेत. तरी आपण त्यांना 'आठवणी'च्या अल्बममध्ये ढकलून दिलंय. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालावा तसं.

'किशोर' मासिकाचं मुखपृष्ठ टाकून 'कुणाकुणाला आठवतंय?' विचारणाऱ्यांनो, 'किशोर' बंद पडलेलं नाही. १९७१ पासून बालभारती ते काढते आणि ते आजही निघतं. जुने अंकही इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवलेत. तुमच्या पोराच्या हातात शेवटचा अंक कधी दिला होतात?

एसटीच्या कंडक्टरचा तो तिकीट पंच आणि त्याची टिकटिक, यावर दरमहा एक तरी हळवी पोस्ट येते. १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर पहिली गाडी धावली, तेव्हापासूनचा इतिहास लोक कॉपी-पेस्ट करतात. पण २०२१-२२ मध्ये एसटीचा संप पाच महिन्यांहून जास्त चालला तेव्हा आठवा. खेड्यातल्या पोरी कॉलेजला कशा गेल्या? वडापच्या जीपमध्ये कोंबून, नाहीतर गेल्याच नाहीत. संपाबद्दल मतं वेगळी असू शकतात, माझीही आहेत. पण गाड्या बंद आहेत हे आपल्यातल्या निम्म्यांना पेपरात वाचून कळलं, कारण आपण एसटीत बसणं कधीच सोडलं होतं. आज बायकांना निम्म्या तिकिटात आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना फुकट प्रवास आहे. ती गाडी कुणाची तरी आठवण नाही, रोजची गरज आहे.

आणि जिल्हा परिषदेची शाळा. पाटी, तांदळाची पिशवी, बसायला घरून नेलेलं बस्कर. किती कविता केल्या आपण! २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव सरकारने मागवले, तेव्हा त्या शाळांत शिकून मोठे झालेले आपण कुठे होतो? पट कमी का झाला, हे विचारायचा अधिकार तरी आहे का आपल्याला? पट आपणच कमी केला. माझी मुलगी इंग्रजी माध्यमात आहे. मीही पिवळ्या बसच्या रांगेत उभा राहिलेला बाप आहे. 'सगळे घालतात म्हणून' घातली. आणि त्याच वर्षी रविवारच्या पुरवणीत 'माझी झेडपीची शाळा' असा हळवा लेखही लिहिला. त्या लेखाला जितके फोन आले, तितके गावात नऊ दिवसांआड पाणी येतंय या बातमीला कधी आले नाहीत. म्हणजे आम्ही पत्रकारही या बाजारात दुकान मांडून बसलोय. हे माझं माप माझ्याच पदरात घालून मग तुम्हाला बोलतोय.

कुणी म्हणेल, अरे बाबा, दिवसभर मरमर काम करून दोन घटका जुनं आठवलं तर तुझं काय बिघडलं? काही नाही. आठवा की. माझा कपाटभर कॅसेटचा साठा मीही टाकलेला नाही. बिघडतं तिथे, जिथे रडून झालं की कर्तव्य झालं असं वाटतं. 'गेलं ते सगळं' म्हटलं की मग काही करायला नको. गेलेल्याला फक्त श्रद्धांजली लागते. जे अजून आहे, त्याला वर्गणी लागते, वेळ लागतो, निवेदन घेऊन कचेरीच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

आणि पायऱ्या चढल्या तर फरक पडतो. जून २०२३ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करायचा निर्णय झाला होता. त्या सकाळच्या बातम्यांवर वाढलेली माणसं या वेळी फक्त हळहळली नाहीत. बोलली, लिहिलं, पुढाऱ्यांना धरलं. निर्णयाला स्थगिती मिळाली. हीच आठवण, पण कामाला लावलेली.

तर आता ग्रुपवरच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, आणि आपापल्या गावात असाच ग्रुप असलेल्या सगळ्यांनो. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. अ, ब, क, ड अशा वर्गांतली वाचनालयं गावोगाव आहेत. तुमच्याही गावात असेल. तिथल्या ग्रंथपालताईंना महिन्याला किती मिळतात ते एकदा विचारा, आणि विचारल्यावर मान खाली घालायची तयारी ठेवा. आमच्याकडे वर्गणी महिना तीस रुपये आहे. आपल्या बॅचचे ग्रुपवर एकशे बारा जण आहेत. एकशे बारा गुणिले तीस, तेही वर्षभर. गणित आपल्याला त्याच शाळेत शिकवलंय, करून बघा. कपाट येतं की नाही सांगा.

येत्या रविवारी सकाळी दहा ते बारा मी वाचनालयात बसणार आहे, पावतीपुस्तक घेऊन. येताना पोरांना आणा. चांदोबाचे खंड काढून ठेवतो, वाळवीने सोडलेले तरी. रावळगावच्या गोळ्या मिळाल्या तर त्याही आणतो, नाव कुणाचंही असो.

आणि हो, या पोस्टखाली बदाम टाकू नका. पावती नंबर टाका.