९९ रुपयांच्या डोमेनला भुलू नका, डॉट इन घ्या



वेबसाइट काढायची ठरली की हा प्रश्न हमखास येतो. "सर, डॉट कॉम मिळत नाहीये. डॉट स्टोअर घेऊ, डॉट शॉप घेऊ की डॉट ऑनलाइन? ९९ रुपयांत मिळतंय." व्हिडिओत यावर दोनच मिनिटं बोललो होतो, इथे जरा सविस्तर सांगतो.

माझं मत सरळ आहे. गिऱ्हाईक भारतातलं असेल तर डॉट इन घ्या. त्याच नावाचं डॉट कॉम मोकळं असेल तर तेही घेऊन ठेवा. बाकी शेपटांच्या मागे लागू नका.

आता का, ते ऐका. माझं पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे. मसाले, चिवडा, पापड करणारे लोक पाऊच छापायला येतात आणि त्यावर वेबसाइटचा पत्ता टाकतात. छपाईसाठी सिलिंडर बनवावे लागतात, ऑर्डरही हजारांतच द्यावी लागते. दोन वर्षांनी पत्ता बदलला तर सिलिंडर नवे आणि गोदामातले जुने पाऊच रद्दीत. शिवाय पाटी, बिलबुक, टेम्पोवरचं नाव, कार्डं हे सगळं आलंच. म्हणून डोमेन निवडताना पहिल्या वर्षाची किंमत बघू नका. दहाव्या वर्षीही हाच पत्ता परवडेल का, ते बघा.

पैशाचं गणित

डोमेन आपण "विकत घेतलं" म्हणतो, पण खरं तर ते भाड्याचं असतं. एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांचे पैसे भरता येतात, मग पुन्हा नूतनीकरण, म्हणजे रिन्यूअल. ९९ रुपये हा पहिल्या वर्षाचा दर असतो. समजा, रिन्यूअल ३,००० रुपये असेल, तर पाच वर्षांचा खर्च ९९ अधिक १२,०००, म्हणजे १२,०९९ रुपये. डॉट इन समजा पहिल्या वर्षी ६०० आणि नंतर दरवर्षी ९०० पडलं, तर पाच वर्षांचे ४,२००. आकडे प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, हे मी समजावण्यापुरते घेतलेत. पण पैसे भरण्याआधी रिन्यूअलचा दर शोधून हाच हिशोब कागदावर मांडा.

अजून एक गोष्ट. डॉट कॉमचा घाऊक दर किती वाढवायचा याला करारात मर्यादा आहे. २०१२ नंतर अर्ज मागवून आलेल्या नव्या शेपटांना अशी मर्यादा नाही. चालवणाऱ्या कंपनीने उद्या दर वाढवला तर तुम्ही काय करणार? पाऊच तर छापून झालेत!

गिऱ्हाइकाची सवय

डॉट इन आपल्या लोकांच्या डोळ्यांना सवयीचं आहे. सातबारा बघायला ते डॉट जीओव्ही डॉट इनवर जातात, रेल्वेचं तिकीट डॉट को डॉट इनवर काढतात. रिझर्व्ह बँकेनेही बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या वेबसाइट डॉट बँक डॉट इनवर न्यायला सांगितलं. फसवणुकीच्या लिंका इतक्या येतात की लोक आता पैसे भरण्याआधी पत्त्याचं शेपूट बघायला शिकतायत. अशा वेळी अनोळखी शेपूट दिसलं की माणूस थबकतो, आणि नव्या धंद्याला तेच परवडत नाही.

एक सोपी परीक्षा सांगतो. घरातल्या मोठ्या माणसाला फोन करा, वेबसाइटचा पत्ता एकदाच सांगा आणि लिहून घ्यायला सांगा. डॉट को सांगितलंत तर ते डॉट कॉम लिहितील. (डॉट को मुळात कोलंबिया देशाचं आहे, "कंपनी"चं नाही.) आणि नावात "ज्ञ" असेल तर कुणी डी-एन-वाय लिहील, कुणी जी-वाय. "लक्ष्मी"त कुणी एक्स घालतो, कुणी के-एस-एच. नावच अवघड असेल तर कुठलंही शेपूट तुम्हाला वाचवणार नाही.

"पण सर, डॉट कॉम दुसऱ्याकडे आहे..."

दोन शक्यता आहेत. तो दुसरा माणूस वेगळ्याच धंद्यात, वेगळ्याच देशात असेल तर निवांत डॉट इन घ्या. पण तोही मसालेच विकत असेल तर शेपूट बदलून भागणार नाही, नावच बदला. नाहीतर जाहिरात तुम्ही करणार आणि सवयीने डॉट कॉम टाइप करणारं गिऱ्हाईक त्याच्या दारात जाणार. नावाला गावाची जोड द्या, मालाची जोड द्या, वाट निघते. आणि डॉट कॉमसाठी कुणी लाखभर मागत असेल तर नमस्कार करा. तो पैसा मालात घाला.

डॉट इनमुळे गूगलमध्ये मागे पडाल ही भीतीही सोडा. देशाचं शेपूट पाहून ही साइट त्या देशातल्या लोकांसाठी आहे, असा अंदाज गूगल बांधतं. आपल्याला तेच हवंय ना? हां, आंबा दुबईला पाठवायचा असेल किंवा अमेरिकेतल्या मराठी घरांना फराळ विकायचा असेल, तर डॉट कॉमला पहिला मान द्या, त्यासाठी नाव बदलावं लागलं तरी चालेल.

डॉट भारतबद्दलही बरेच जण विचारतात. २०१४ पासून देवनागरीत पूर्ण पत्ता घेता येतो, आणि मराठी माणूस म्हणून मला ते मनापासून आवडतं. पण देवनागरी ईमेल पत्ता अजून कित्येक फॉर्म स्वीकारत नाहीत. म्हणून ते जोडीला घ्या, मुख्य पत्ता म्हणून नको.

सगळ्यात महत्त्वाचं

शेपूट कुठलंही घ्या, पण डोमेन तुमच्याच नावावर, तुमच्याच ईमेलवर आणि तुमच्याच मोबाइल नंबरवर असू द्या. "वेबसाइट करणाऱ्या मुलानेच सगळं काढून दिलं" हे वाक्य माझ्या बॅचमध्ये नेहमी ऐकू येतं. तो मुलगा प्रामाणिक असेलही, पण उद्या त्याने नोकरीसाठी गाव सोडलं आणि रिन्यूअलचा मेल त्याच्याच जुन्या पत्त्यावर गेला तर? मुदत संपली की साइट बंद, त्या नावावरचा ईमेल बंद. मग दंड भरून सोडवायला थोडेच दिवस मिळतात. तेही गेले की ते नाव कुणीही घेऊ शकतं. दुकानाचा भाडेकरार आपण कारागिराच्या नावावर करतो का?

तेव्हा आज एवढंच करा. नाव ठरवा, फोनवरची परीक्षा घ्या, रिन्यूअलचा दर बघा आणि स्वतःच्या खात्यातून डॉट इन घ्या. आधीच डोमेन असेल तर ते कुणाच्या नावावर आहे, हे आज रात्री झोपण्याआधी तपासा. पाऊचची ऑर्डर त्यानंतर!