रंधा भिंतीवर टांगायची वस्तू नाही

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी गेलो की मोबाइल आणि बुटांच्या ढिगांकडे मी बघतही नाही. मंगळवार पेठेतल्या त्या गर्दीत दोन-तीन जण ताडपत्री अंथरून जुनी हत्यारे विकतात. रंधे, पटाश्या, करवती, गिरमिट, वाकस, दांडा नसलेल्या हातोड्या. गेली अकरा वर्षे मी तिथून हत्यारे आणतो. भाषेच्या मास्तराला सुताराची हत्यारे कशाला, हा प्रश्न मला शाळेत, मशिदीच्या पायरीवर आणि सासुरवाडीत, तिन्हीकडे विचारून झाला आहे.

उत्तराआधी एक तक्रार. हल्ली या ताडपत्रीभोवती वेगळीच मंडळी दिसतात. त्यांना रंधा हवा असतो कॅफेच्या भिंतीसाठी नाहीतर फार्महाउसच्या दिवाणखान्यासाठी. गंज काढायचा नाही, 'ओरिजिनल लूक' जातो म्हणे. तळ सपाट आहे का, तोंडाजवळ तडा गेलाय का, पाते किती शिल्लक आहे, काही न बघता पैसे मोजतात. हेच गृहस्थ घरी सुतार आला की पन्नास रुपयांसाठी अर्धा तास हुज्जत घालतात. रंधा दिवाणखान्यात, रंधा मारणारा जिन्यात! शिकाऱ्याने मुंडकी टांगावीत तसली ही हौस आहे. हिला संग्रह म्हणायला माझी तयारी नाही.

हत्यार कामाला लागले तरच ते जुने झाले तरी जिवंत असते. शेफिल्डचा 'रेकॉर्ड' किंवा अमेरिकेचा 'स्टॅनली', चार नंबरचा लोखंडी रंधा घ्या. लांबी साधारण साडेनऊ इंच, पाते दोन इंच रुंद. गंजलेले सुटे भाग रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवायचे, सकाळी घासून, सोड्याच्या पाण्याने धुऊन, पुसून तेल लावायचे. मग काचेवर पॉलिश पेपर चिकटवून तळ घासायचा. खरी मेहनत पात्याची. त्याची पाठ आरशासारखी होईपर्यंत दगडावर घासत राहावे लागते. कंटाळून सोडले की संपले, धार येतच नाही. आणि जमले की सागाच्या फळीवरून कांद्याच्या पापुद्र्यासारखी साल निघते. तो आवाज एकदा ऐकला की माणूस भिंतीवर रंधा टांगूच शकत नाही.

मला हत्यारांइतकाच त्यांच्या नावांचा मोह आहे, हेही कबूल करतो. रंधा फारसीतून आला, गुण्या फारसीतून आला, शिकंजाही. करवत आणि ओळंबा संस्कृतकडून. एका पेटीत हे सगळे शेजारी शेजारी पडलेले असतात आणि कुणाचे भांडण होत नाही. उर्दूच्या तासाला 'रंदा' आणि मराठीच्या तासाला 'रंधा' शिकवणाऱ्याला याचे काय सुख असेल ते सांगून कळायचे नाही.

तीन वर्षांपूर्वी त्याच ताडपत्रीवर एक रंधा उचलला. बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिले होते: का. अ. ७. का. अ. म्हणजे कार्यानुभव. अक्षर ओळखीचे होते. मी ज्या शाळेत आधी नोकरी केली तिथल्या, आता हयात नसलेल्या शिपाईमामांचे. शाळेची हत्यारांची पेटी भंगारात गेली होती आणि ती पाठवणाऱ्या निर्लेखन समितीत तिसरी सही माझी होती. 'निकामी' असा शेरा मीच लिहिला होता, पेटी न उघडता. चाचा म्हणाले, "सर, आपके वास्ते चारसौ." मी घासाघीस केली नाही.

बी.एड.ला मी नई तालीमवर टिपण लिहून गुण मिळवले होते. १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते जामियाचे डॉ. झाकिर हुसेन. मातृभाषेतून, एखादा हस्तोद्योग मध्यभागी ठेवून सात वर्षांचे सक्तीचे मोफत शिक्षण, ही ती योजना. पुढे कोठारी आयोगाने कार्यानुभव सुचवला. आता २०२० च्या धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना, कारागिरांच्या सोबतीने. कागद दर पिढीला नवा येतो. वर्गात मात्र कार्यानुभव म्हणजे कार्डशीटचे फूल आणि मूल्यमापनाच्या तक्त्यात सगळ्यांना 'अ' श्रेणी. ती मीही दिली आहे.

यावर आपल्या वस्तीतले पालक जे म्हणतात ते ऐकून घेतलेच पाहिजे. "सर, आमची पोरं तशीच आठवीनंतर गॅरेजमध्ये नाहीतर फर्निचरच्या कामावर जातात. तुम्ही शाळेतच हातोडी देणार? कॉम्प्युटर द्या." हा राग खरा आहे. घर चालत नाही म्हणून चौदाव्या वर्षी हातात आलेला पाना ही तालीम नव्हे, तिचे नाव मजबुरी. पण म्हणून पानाच हलका ठरवायचा? वाजमध्ये आपण ऐकतो की हजरत झकरिया सुतार होते, हजरत दाऊद चिलखते बनवत. मान डोलावतो, आणि घरी येऊन मुलाला धमकी देतो: शिकला नाहीस तर सुताराकडे टाकीन. ज्याचा बाप सुतारच आहे, त्या शेजारच्या बाकावरच्या पोराने हे ऐकून काय शिकावे? कॉम्प्युटर द्यायलाच हवा. पण भूमितीत काटकोन शिकणाऱ्या मुलाने एकदा गुण्या लावून चौकट जोडली, तर त्याचे काही कमी होणार नाही. आणि सुताराच्या मुलाला त्या दिवशी वर्गात पहिल्यांदा सगळ्यांपेक्षा जास्त येत असेल.

सध्याच्या शाळेत शनिवारी शेवटच्या तासाला मी घरची पेटी नेतो. मुली जास्त नीट रंधा मारतात, घाई करत नाहीत. मागच्या महिन्यात वाटले, ही हत्यारे रीतसर शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरवर चढवावीत, म्हणजे माझी बदली झाली तरी ती इथेच राहतील. लिपिक भला माणूस आहे. त्याने रजिस्टर उघडले, पेनचे टोपण काढले आणि खरेदीची पावती मागितली.

जुन्या बाजारात पावती मिळत नाही. रजिस्टरचा तो रकाना अजून कोरा आहे.