बाबासाहेबांनी सुचविलेले नाव

१९५४ सालच्या सप्टेंबरात राज्यसभेत अस्पृश्यता (अपराध) विधेयक चर्चेस आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर विरोधी बाकांवर होते. त्यांनी विधेयकाच्या नावावरच आक्षेप घेतला. कायद्यास नागरी हक्कांच्या संरक्षणाचे नाव द्यावे, अशी त्यांची सूचना होती. सरकारने ती मानली नाही. १९५५ चा कायदा जुन्याच नावाने झाला.

नावाचा एवढा आग्रह कशासाठी, असे कोणी म्हणेल. वकिलाने तरी तसे म्हणू नये. ‘अस्पृश्यता’ म्हटले की विहिरीवर अडविणाऱ्याचा अपराध तेवढा दिसतो. ‘हक्क’ म्हटले की पाणी भरणारी बाई दिसते, आणि ती कोणाच्या दयेची याचक नसते. त्या कायद्यात पहिल्या अपराधास शिक्षा जास्तीत जास्त ६ महिन्यांची; शिवाय न्यायालयाच्या अनुमतीने तडजोडही करता येई. बंधुभगिनींनो, ज्याच्या शेतावर राबावयाचे त्याच्याशीच फिर्यादीने करावयाची तडजोड कसली असते, हे आपणांस सांगावयास हवे काय?

१९७६ साली संसदेनेच ती वाट बंद केली, किमान शिक्षा ठरविली आणि कायद्यास नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे नाव दिले. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणास तेव्हा २० वर्षे होत आली होती.